पहिला थर पातळ हवा

तो स्वतः कधी स्केट्सवर उभा राहिला नाही.
हे आधीच सांगून टाकते,
बाहेरगावचे लोक शेवटी ऐकलं की हसतात.
नवव्या वर्षी गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रात
डावा पाय गेला घोट्यापासून.
ओरेस्ट ह्रिन्चुक बर्फावर यायचा तो रबरी बुटांत,
उजव्यात पाय, डाव्यात लोकरीचा बोळा,
तोंडात शिट्टी, खिशात सूर्यफुलाच्या बिया.

आमचं वेर्बा: वस्ती दोनशे अकरा.
एक चर्च, एक पोस्ट, धान्याचं एक उंच कोठार
आणि भोवती सस्कॅचवानची सपाटी, इतकी
की दुपारी दिसलेला पाहुणा
संध्याकाळी दारात पोचतो.

रात्री एक वाजता, उणे बत्तीस,
तो नळी गोठू नये म्हणून कोटाच्या आत पोटाशी धरायचा,
तान्हं मूल धरावं तशी.
"लेस्या, पहिला थर पातळ हवा.
इतका, की जमिनीला कळू नये.
घाई केलीस तर आत पोकळी धरते,
आणि पोकळ बर्फ कुणाचा बाप दाखवत नाही."
मी अकरा वर्षांची. बाप काय दाखवायचा ते कळलं नाही,
थर मात्र कळला.

हेल्मेटं आणायला त्याने अर्ध्या गायीची सोडत काढली.
गाय पाद्रीबाबांना लागली.
सगळ्यांना वाटलं, परत करतील.
नाही केली.

दर शरदात नास्त्या तीन हजार पिरोही वळायची,
बटाट्याच्या, चीजच्या, डझनावर विकायच्या.
पिठाच्या हातांनी केस मागे सारत म्हणायची,
"घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय हा.
आणि थापतेय कोण?"
तो तिच्या मागे उभा राहून मोजायचा.
एखादी खायचा, आणि एक कमी मोजायचा.

अठ्ठ्याहत्तर साली त्याने लीगला यादी पाठवली:
गोलरक्षक, एल. बोइको.
पूर्ण नाव कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.
फॉक्स लेकला तिसऱ्या डावात माझं हेल्मेट निघालं,
वेणी खाली आली,
आणि त्यांचे सगळे काका-मामा कठड्यावर चढले.
ओरेस्टने नियमांचं पुस्तक काढलं, ओलं, बियांच्या टरफलांनी भरलेलं,
"दाखवा. कुठल्या पानावर?"
तासभर पान शोधलं त्यांनी.
मग खेळ पुढे.

अकरा-दोन हरलो.
दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या दारावर त्याच्या अक्षरात कागद:
वेर्बाने फॉक्स लेकवर दोन गोल केले.
एवढंच.
लोक थांबून वाचत, माझ्या वडिलांचा हात हातात घेत.

पुढे शाळा बंद झाली. कोठार पाडलं,
त्या दिवशी गावाला पहिल्यांदा कळलं की आपल्याला सावली होती.
मुलं सात राहिली, मग पाच, मग तीन.
मी म्हटलं, तिघांची टीम होत नाही.
तो म्हणाला, सराव होतो.
आणि नळी ओढत गेला.

फेब्रुवारीत गेला.
जन्मभर जी जमीन तो गोठवत राहिला
ती त्याच्यासाठी दीड दिवस कोळशाने शेकावी लागली.
नास्त्या खुर्ची टाकून बसली निखाऱ्यांशी,
कुणाला बोलू दिलं नाही.

गॅरेजमध्ये वही सापडली, उसन्या दिलेल्या स्केट्सची.
एल. बोइको, माप चार, डावी नाडी नाही.
परत आल्याचा रकाना कोरा.
तसे निम्मे रकाने कोरेच. कधी मागितले नाहीत त्याने.
माझे मी विकले होते, एक्याण्णव साली,
अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत.
दोन डॉलर.

आज उणे एकोणतीस.
नळी कोटात. पोटाला चटका, थंडीचा, चालतोय.
पलीकडे ट्रकमध्ये कुणाचा तरी नातू
काचेवर वाफ सोडून बोटाने पुसतोय,
पुन्हा सोडतोय.

पाणी सोडलं.
जमिनीला कळलं नाही.